मुक्कामाची उंची छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात सहलींच्या जाहिरातींनी पाऊण पान भरलं होतं. परीक्षा उरकत आल्या, आता दर रविवारी हेच. लेह-लडाख ६ दिवस, केदार-बद्री, पोखरा-मुक्तिनाथ, आणि एक चौकट ‘धाडसी तरुणांसाठी’ हिमालयातल्या ट्रेकची. जेवण शुद्ध शाकाहारी, सोबत मराठी बोलणारा मॅनेजर, नाश्त्याला पोहे-उपमा, अंघोळीला गरम पाणी, सगळं छापलेलं. मी चष्मा लावून बारीक अक्षरातलंसुद्धा वाचून काढलं. रात्री झोपायचं ते किती उंचीवर, हा आकडा एकाही जाहिरातीत नाही. हे पत्र त्या एका आकड्यासाठी आहे. लांबलंय, तुम्ही कात्री लावालच. पण आकड्याचं तेवढं ठेवा.

आधी मी कोण ते सांगतो. डॉक्टर नाही, गिर्यारोहक तर नाहीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या डाइंगमध्ये ३१ वर्षं बॉयलर अटेंडंट होतो. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. उभा जन्म दाबाचा काटा बघण्यात गेला. दर चौरस सेंटीमीटरला साडेदहा किलोच्या वर काटा सरकला की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं की आधी भट्टी बंद करायची आणि मग साहेबाला फोन लावायचा, एवढं मला झोपेतही कळतं. मे महिन्यात बाहेर ४४ डिग्री आणि पुढ्यात भट्टी, अशी नोकरी केलेल्या माणसाला हिमालयाचं वेड का लागावं ते विचारू नका. त्यामुळंच लागलं असेल.

गेल्या ऑक्टोबरात मी, माझा भाचा आणि त्याचा एक मित्र असे तिघं नेपाळात अन्नपूर्णा सर्किटला गेलो. पाठीला सॅक, गावागावांतल्या लॉजमध्ये मुक्काम, रोज थोडं थोडं चढत ५,४१६ मीटरची थोरांग ला खिंड ओलांडायची आणि पलीकडं मुक्तिनाथाला उतरायचं, असा बेत. भाचा २९ वर्षांचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. मॅरेथॉन पळतो, दर रविवारी सिंहगड. मी रोज सकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारणारा, तेही गुडघ्याला पट्टा बांधून. त्यामुळं निघताना सगळ्यांना घोर माझा. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, तिला आम्ही अक्का म्हणतो. तिनं स्टेशनवर त्याला बजावलं, “मामाला सांभाळ रे, वय झालंय त्यांचं.” कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मात्र त्याच्या सॅकमध्ये घातला.

पुण्याहून गोरखपूरची गाडी धरली, ती अकरा तास लेट. सोनौलीची सीमा ओलांडली तर पुढं दरड पडून रस्ता बंद. बेसीसहरला पोचेस्तोवर दोन दिवस हातचे गेले होते. बेसीसहर आहे ७६० मीटरवर. तिथून मनांगला जायला पूर्वी आठवडाभर चालावं लागायचं, आता जीपचा रस्ता झालाय. आमचा गाइड, पंचविशीतला गुरुंग पोरगा, म्हणत होता की चामेला एक रात्र काढू, ते २,६७० मीटर; मग पिसांगला एक, ते ३,३००; मग मनांग. भाच्याची रजा मोजून मापून. तो म्हणाला, “जीप मनांगपर्यंत जाते ना? मग थेट जाऊ. गेलेले दोन दिवस तिथंच भरून निघतील.” गाइड ‘बिस्तारै, बिस्तारै’ करत राहिला. म्हणजे हळूहळू. मी वयानं मोठा, थांब म्हणायचं काम माझं. मीच म्हणालो, “चला, तेवढेच गुडघे वाचतील.”

असं करून आम्ही एका दिवसात झोपायची जागा ७६० वरून ३,५४० मीटरवर नेली. २,७८० मीटरची उडी. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटर. कळसूबाई, अख्ख्या महाराष्ट्रातलं उंच टोक, १,६४६. राजगड, रायगड, हरिश्चंद्रगड करून ‘मला सवय आहे’ म्हणणाऱ्याच्या पायांना सवय झालेली असते. हवेची सवय आपल्या राज्यात कुठंही करून घेता येत नाही, कारण तेवढी उंच जागाच आपल्याकडं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या पोराच्या मॅरेथॉनवर एवढा विसंबलो नसतो.

मनांगला पहिल्या संध्याकाळी चहा आला. भांड्यात खदखदा उकळताना मी चुलीशी उभं राहून बघितला होता. कप तोंडाला लावला आणि सरळ घोट घेता आला, जीभ पोळली नाही. त्या दोघांना त्याचं काही वाटलं नाही, मी मात्र कपाकडं बघत बसलो. बॉयलरवाल्याला दाब आणि उकळी यांचं नातं शिकवावं लागत नाही. आत दाब चढवला की पाणी शंभराच्या कितीतरी पुढं जाऊन उकळतं. आमच्या साडेदहा किलोला १८५ डिग्रीच्या आसपास. इथं उलटा हिशेब. वरून दाबणारी हवाच कमी, म्हणून पाणी ८८ लाच उकळून मोकळं. म्हणजे हवेचा काटा तिसऱ्या हिश्श्यानं उतरलाय. डोळ्यांना दिसत नव्हतं, जिभेला कळलं.

लोक म्हणतात वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. तसं नाही. हवेत ऑक्सिजन सोलापुरात २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. उतरतो तो दाब, त्यामुळं छातीभर ओढलेल्या श्वासातून रक्तात ऑक्सिजन कमी जातो. थोरांग लाच्या उंचीवर हा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. भट्टीला हवा कमी पडली की आम्ही डँपर उघडतो, फॅन वाढवतो. शरीर तेच करतं, श्वास वाढवतं. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडं झुकतं आणि मेंदू उलट हुकूम सोडतो की पुरे, श्वास आवर. रात्री ही ओढाताण कानांनी ऐकू येते. भाच्याची खाट माझ्या शेजारी. त्याचा श्वास आधी जोरात, मग हळू, मग बंद. मी अंधारात आकडे मोजायचो. दहा-बारापर्यंत गेलं की गटांगळी खाऊन वर आल्यासारखा एकदम मोठा श्वास. पुन्हा पहिल्यापासून. मागाहून कळलं, त्या उंचीवर झोपेत हे पुष्कळांना होतं, नुसत्या त्यानं घाबरायचं कारण नाही. मूत्रपिंडं जास्तीची अल्कली लघवीवाटे काढून टाकतात आणि मग श्वास मनासारखा वाढू शकतो. त्याला काही दिवस लागतात. जीपला आठ-दहा तास पुरतात, मूत्रपिंडाला दिवस लागतात, आणि सगळी भानगड या दोन वेळांमधली आहे.

निघण्याआधी मी आमच्या डॉक्टरांना विचारून डायमॉक्स घेतली होती, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, १२५ मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ. ती मूत्रपिंडाकडून तेच काम लवकर करून घेते. बोटांना मुंग्या येतात, रात्री तीन-तीनदा उठून थंडीत बाहेर जावं लागतं आणि सोडा-लेमन फुळकवणी लागतं. सल्फाची ॲलर्जी असलेल्यानं, किडनीचं दुखणं असलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. भाच्यानं घेतली नाही. म्हणाला, “गोळ्या खाऊन चढण्यात काय मजा, मामा.”

आता एक लाजिरवाणी गोष्ट. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र आहे. ही संस्था नेपाळात १९७३ पासून काम करते आणि ट्रेकिंगच्या हंगामात तिथले स्वयंसेवक डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या आजारावर लोकांना समजावून सांगतात. आम्ही मनांगला एक दिवस विश्रांती घेतली. त्या दुपारी आम्ही तिथून शंभर पावलांवर एका बेकरीत बसून ॲपल पाय खात होतो. गाइड दोनदा बोलवायला आला. भाचा म्हणाला, “यूट्यूबवर सगळं बघितलंय.” आणि खिशातून ऑक्सिमीटर काढला.

या ऑक्सिमीटरबद्दल बोललंच पाहिजे, कारण करोनानं तो आपल्या घराघरांत आणून ठेवलाय. २०२० पासून ९४ च्या खाली आकडा आला की दवाखाना, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. मनांगला माझा आकडा ८७ आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भाच्याचा ८९. गाइडचा ९१. पुढं खिंडीच्या पायथ्याला, थोरांग फेदीला आम्ही सगळेच ८२-८५ मध्ये होतो, आणि भाच्याचा आकडा माझ्यापेक्षा एकानं जास्त होता. त्या उंचीवर एवढं उतरतंच. पण मग त्याच आकड्यानं आमची फसवणूक केली. ‘माझा मामापेक्षा बरा आहे’ म्हणजे मी ठीक आहे, असा हिशेब त्यानं केला आणि मीही मान्य केला. मेंदूला सूज येते आहे का, हे बोटावरची चिमटी सांगत नाही.

मनांग, मग याक खर्क ४,०५० मीटर, मग थोरांग फेदी, साधारण ४,४५०. हे पुढचे टप्पे बेताचे होते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं, असा साधा नियम आहे. पण आधीची उडी अंगात भिनायचीच होती, आणि डोकं दुखत असताना भाचा चढत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

फेदीला दुपारी दोनला पोचलो. भाच्यानं डाळभात समोर घेऊन नुसता चमचा फिरवला. म्हणाला, वाटेत बिस्किटं खाल्ली. बिस्किटांचा पुडा माझ्या सॅकमध्ये होता आणि तो फोडलेलाच नव्हता. एवढं सरळ समोर असून मी काय समजलो, तर पोरगं दमलंय.

रात्री नऊच्या सुमाराला तो बाहेर जायला उठला आणि बूट घालायला बसला. मी टॉर्च धरली होती. लेसची दोन टोकं हातात घेतली, एक दुसऱ्यावरून नेलं आणि थांबला. सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच थांबला. बालवाडीतल्या पोरानं बघावं तसा त्या लेसकडं बघत बसला. मी म्हटलं, “काय रे?” तो मान वर न करता म्हणाला, “मामा, पार्क चौक आला का? उतरायचंय.” पार्क चौक आमच्या सोलापुरातला.

भट्टीपुढं ३१ वर्षं घाम गाळला, पण तसा घाम मला कधी फुटला नव्हता.

गाइडला हाक मारली. त्यानं काही विचारलं नाही. भाच्याला उभं केलं आणि खोलीतल्या फळ्यांच्या जोडावरून चालायला सांगितलं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत. दोन पावलं पडली. तिसऱ्याला तो भिंतीवर गेला. पुन्हा लावलं, पुन्हा भिंतीवर. ताडी प्यायलेला माणूस बरा चालतो. गाइड म्हणाला, “लेक लाग्यो.” माझ्या डोक्यात काय आलं सांगू? अक्काची लेकराला हाक. नेपाळीत लेक म्हणजे उंच डोंगर. डोंगर लागला, बाधला, असं ते लोक म्हणतात. डॉक्टरांच्या पुस्तकात यायच्या कितीतरी आधीपासून म्हणत असतील.

मी म्हटलं उजाडू दे, वाटेत दरडीचा पट्टा आहे, काळोखात कसं जाणार. त्याचं उत्तर अजून कानात आहे: “सुबह तक ये चल नहीं पाएगा.” चालता येतंय तोवर उतरायचं. भाच्याच्या जॅकेटात हातमोजे शोधताना डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी हाताला लागली. दहातल्या सात संपलेल्या. मित्राकडं बघितलं तर त्यानं मान खाली घातली. त्याला मनांगपासून माहीत होतं. मामाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

पावणेदहाला निघालो. एका बाजूला गाइड, दुसऱ्या बाजूला लॉजचा माणूस, मध्ये हा, मागं मी आणि मित्र, चौघांच्या चार सॅक सांभाळत. दरडीच्या पट्ट्यात वरून खडे घरंगळल्याचा आवाज यायचा, गाइड हात वर करून थांबवायचा, आवाज थांबला की पुढं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पावणेदोनला याक खर्कात आलो. जेमतेम चारशे मीटर खाली. लॉजवाल्यानं दार उघडलं, आत बाकड्यावर भाचा बसला आणि वाकून त्यानं स्वतःच्या बुटांची लेस सोडली. दोन्ही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “मामा, तुमचे मोजे भिजलेत.” मी तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

सकाळी घोड्यावरून मनांग. आरोग्य केंद्राच्या ज्या दारावरून आम्ही दोन दिवसांपूर्वी नाक वर करून गेलो होतो, त्याच दारात. डॉक्टरबाईंनी ऑक्सिजन लावला, मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, आणि मग विचारलं की डोकं पहिल्यांदा कधी दुखलं. भाच्यानं आधी माझ्याकडं बघितलं. “इथंच. पहिल्या रात्री.” तेव्हा मीही सांगून टाकलं की पहिल्या रात्री माझंही दुखत होतं. मी रेल्वेच्या प्रवासावर ढकललं होतं. माझं दुसऱ्या दिवशी थांबलं, त्याचं वाढत गेलं, आणि लपवालपवीत मामा-भाचे सारखेच निघाले.

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी तीनच होत्या. वर असताना अंगात काही बिघडलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा. डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, असं काही असेल तर झोपायला आणखी वर जायचं नाही. आणि वाढतंय असं दिसलं की लगेच खाली, रात्र असो की पहाट. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेसाळ गुलाबी बेडका पडणं ही फुप्फुसात पाणी भरल्याची खूण. तोल जाणं, बरळणं ही मेंदूला सूज आल्याची. दोन्हींत तासांचा खेळ असतो. बॉयलर हाऊसच्या भिंतीवर आमच्याकडंही अशाच तीन ओळी रंगवलेल्या होत्या. फरक एवढाच, त्या आम्ही मानत होतो.

थोरांग ला झाली नाही. मुक्तिनाथाच्या १०८ धारांखाली डोकं धरायचं राहिलं. अक्कासाठी गंडकीतला शाळिग्राम आणणार होतो, तोही राहिला.

गावी आल्यावर आमच्या कारखान्यातल्या जुन्या वॉचमनला भेटलो. माजी सैनिक, लेहमध्ये नोकरी झालेली. सगळं ऐकून घेतलं आणि कडाडले, “तुम्हाला कुणी सोडलं हो असं?” मग बोटांवर मोजून सांगितलं. लष्करात ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन नुसती विश्रांती. मग १५,००० पर्यंतच्या टप्प्याला चार दिवस. त्याच्या वर आणखी चार. विशीतला निवडून घेतलेला जवान, रोज पळणारा, त्यालासुद्धा यातून सूट नाही. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९६२ च्या सुमाराला सपाटीवरची पोरं घाईघाईनं हिमालयात वर चढवावी लागली. आपल्याच लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या या आजाराचा अभ्यास १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला, तो आजही जगभर दाखल्याला घेतात. वॉचमनना या कागदाची खबर नव्हती, मीच मागाहून वाचलं. त्यांना टप्पे पाठ होते, तेवढं पुरलं.

आता आपल्याकडच्या तोडग्यांबद्दल. केदारनाथला निघालेल्या बायकांच्या पर्समध्ये कापराची पुडी असतेच. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढंच. रक्तात ऑक्सिजन वाढत नाही. नेपाळात लॉजवाले लसणाचं सूप पाजतात. चवीला चांगलं आहे. पण लसणानं डोंगर बाधायचा थांबत असता तर शेंगाचटणीवर वाढलेल्या सोलापूरकराला एव्हरेस्टसुद्धा बाधला नसता. स्प्रेसारखे छोटे ऑक्सिजनचे डबे मिळतात, काही मिनिटांत संपतात. ते हातात असले की माणूस उतरायचं लांबणीवर टाकतो, हा त्यांचा खरा तोटा. पाणी प्यावं, चार-पाच दिवसांआड नळ बघणाऱ्या आपल्या लोकांना ते मुद्दाम सांगावं लागतं, पण घागर रिकामी केली म्हणून आजार टळत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या रात्रींना नकोतच.

आणि आता तो आकडा. तुमच्याच पानावरची लेहची ६ दिवसांची सहल मी कागदावर मांडली. जाहिरातीत ठळक अक्षरात खारदुंग ला खिंड, ५,३५९ मीटर. वाचणारा त्यालाच घाबरतो. पण तिथं कुणी झोपत नाही; अर्ध्या तासात फोटो काढून खाली नुब्राला उतरतात, ते ३,१०० च्या आसपास. घोर लावणारी रात्र वेगळीच आहे. विमानानं थेट ३,५०० वर उतरल्यानंतरची पहिली, आणि पँगाँगच्या काठची, ४,२०० च्या वरची. जाहिरातीत पँगाँगपुढं ‘तंबूत रोमँटिक मुक्काम’ एवढंच लिहिलंय. पोखऱ्याहून मुक्तिनाथला नेणारेही असेच. पोखरा ८२० मीटर, मुक्तिनाथ ३,७६०. जो जोमसोमला, २,७२० वर मुक्काम ठेवून दिवसा दर्शन करवून परत खाली आणतो, तो शहाणा. जो एक दिवस वाचवायला वरच झोपवतो, तो दोनशे-तीनशे रुपये स्वस्त असेलही. यात्रेकरूला दोघांतला फरक कळणार कसा? दोघांच्याही पत्रकात ‘मुक्तिनाथ दर्शन’ एवढंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पत्रकात प्रत्येक रात्रीच्या गावापुढं कंसात मीटर लिहा. पोहे-उपम्याच्या ओळीत बसेल एवढी जागा लागते त्याला. एक दिवस मोकळा ठेवा आणि तो मोकळा आहे हेही छापा, म्हणजे गाडी लेट झाली तरी तो खाल्ला जाणार नाही. आणि कुणाला अर्ध्यातून खाली आणावं लागलं तर सोबत कोण उतरणार, खर्च कुणाचा, हे निघण्याआधी सांगा. आमच्या भाच्यानं सात गोळ्या का गिळल्या? तिघांचे पैसे आणि रजा आपल्यामुळं वाया जातील, या एका भीतीनं. तीस माणसांच्या बसमध्ये एखादी सासू ती भीती किती दाबून ठेवेल, याचा विचार करा. आपल्या संपादक मंडळींनी मनावर घेतलं तर जाहिरात घेतानाच हा रकाना मागता येईल.

आणखी एक. ‘फिटनेस सर्टिफिकेट’ म्हणून बीपी, शुगर बघून शिक्का मिळतो. देणारे डॉक्टर चांगलेच असतात, पण कुठं चाललात आणि पहिल्या रात्री कुठं झोपणार, हे मला किंवा भाच्याला कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. पत्रकात तो आकडा असता तर तोच कागद डॉक्टरांपुढं ठेवता आला असता.

येत्या सप्टेंबरअखेर आम्ही पुन्हा निघतोय. चामेला एक रात्र, पिसांगला दोन, मनांगला तीन. भाच्यानं रजा आठ दिवस जास्त टाकलीय आणि रोज रात्री एकमेकांना डोकं कसं आहे ते विचारायचं, खोटं बोलणाऱ्यानं सगळ्यांच्या सॅक उचलायच्या, असं ठरलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट,
जुळे सोलापूर

ता. क. नाव छापू नये ही विनंती. आम्ही खिंडीवरून न जाता का परतलो, याचं कारण अक्काला आम्ही ‘वर बर्फ फार पडलं’ असं सांगितलंय. ती सकाळी चहाबरोबर तुमचाच पेपर वाचते, पत्रांपासून सुरुवात करते. नाव नसलं तरी पार्क चौकापर्यंत आली की ओळखेल. तेव्हा हे पत्र छापायचं ठरलं तर आदल्या दिवशी एक फोन करा, म्हणजे मी स्वतः जाऊन तिला सांगेन.